मनूस पत्र: बॉलिंग, स्कॉलरशिप आणि तुझं कॉलेज

प्रिय मनू,

अकरावीचं वर्ष, कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा, त्यात कॉलेजच्या पातळीचे एपीचे विषय, म्हणून शनिवारची बॉलिंग लीग सोडू का, असं परवा तू विचारलंस. जेवणाच्या गडबडीत नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. निर्णय तुझाच. तो घेताना माहिती मात्र पूर्ण असावी.

आधी पैशांचं. लीगमध्ये आणि स्पर्धांमध्ये तू जे जिंकलीस ते रोख हातात आलं नाही. युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसच्या ‘स्मार्ट’ खात्यात ते तुझ्या नावावर जमा होत गेलं. मुलामुलींसाठी ही सोय 1994 पासून आहे, आणि पुढे ही रक्कम थेट कॉलेजकडे जाते. ती वापरायला मुदत असते, तेव्हा खात्यातली तारीख बघून ठेव. तेवढ्यावर कॉलेज होणार नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण स्वतःच्या शिक्षणात तू शाळेत असतानाच भर घातलीस, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मोठी रक्कम मिळते ती कॉलेजच्या टीममधून. एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची मोठी राष्ट्रीय संघटना, हिची मुलींची बॉलिंग स्पर्धा 2004 मध्ये सुरू झाली. मुलांसाठी एनसीएएची अशी स्पर्धाच नाही, त्यांना एनएआयए या दुसऱ्या संघटनेची कॉलेजं किंवा क्लब टीम शोधाव्या लागतात. वाढदिवसाच्या पार्टीत खेळायचा खेळ, असं कुणी म्हटलं की तू गप्प बसतेस. बसू नकोस. आपल्या न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने 2006 आणि 2010 मध्ये ही स्पर्धा जिंकली आहे. व्हँडरबिल्टसारख्या जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठाला एनसीएएचं पहिलं सांघिक विजेतेपद 2007 मध्ये मिळवून दिलं ते बॉलिंगच्या मुलींनी.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. खेळावर चारही वर्षांची पूर्ण फी माफ होणं दुर्मीळ असतं. अनेक वर्षं एका टीमला पाच पूर्ण स्कॉलरशिपइतकाच पैसा देता येई आणि कोच तो सगळ्या मुलींमध्ये वाटत. अलीकडे नियम बदलले, तरी वाटून द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी तीच आहे. एनसीएएच्या तिसऱ्या गटात, डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी पैसेच देत नाहीत. म्हणून मार्कांवर मिळणारी स्कॉलरशिप आणि बॉलिंगची, अशी दोन्हींची बेरीज करायची. तुझा अभ्यास आणि खेळ एकाच हिशेबात येतात ते इथे. सगळ्यात वरच्या गटासाठी, डिव्हिजन वनसाठी, शाळेतले सोळा कोअर कोर्स (ठरलेले मुख्य विषय) आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (सरासरी ग्रेड) लागतो. तुझे मार्क त्याच्या बरेच वर आहेत, ते तसेच टिकव.

आता खेळाबद्दल. मी काही कोच नाही, पण तुझ्या लेनमागे बसून स्कोअर बघत आले आहे. तुझं लक्ष स्ट्राइकवर, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पाडण्यावर असतं आणि उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन एकटी उरली की तुझे खांदे पडतात. जरा हिशेब कर. गेमच्या दहा फ्रेम. एकही स्ट्राइक न मारता दर फ्रेमला आधी नऊ पिना आणि मग स्पेअर केलीस, म्हणजे उरलेली पिन दुसऱ्या बॉलला पाडलीस, तर पुढच्या बॉलचे गुणही त्यात धरून गेम 190 चा होतो. तीच एक पिन दर वेळी राहिली, तर 90. शंभर गुण त्या एका पिनेत आहेत. तो न वळणारा प्लॅस्टिकचा बॉल बॅगेतून काढ, डाव्या बाजूला उभी राहा आणि तिरका सरळ टाकायचा सराव कर. कॉलेजात बेकर पद्धतीने खेळतात, पाच मुली मिळून एक गेम, प्रत्येकीला दोन फ्रेम. तिथे तुझी चुकलेली स्पेअर भरून काढायला तुझ्या हातात फार फ्रेम नसतात.

आणि नुसत्या अ‍ॅव्हरेजवर विसंबू नकोस. आपल्या सेंटरमध्ये लेनच्या मधोमध तेल भरपूर आणि कडेला कमी असतं, त्यामुळे थोडा चुकलेला बॉलही पिनांकडे परत येतो. ज्युनियर गोल्ड या शाळकरी वयाच्या खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत तेल बरंच सारखं पसरलेलं असतं, तिथे अशी चूक माफ होत नाही. कोच मंडळी मुली पाहायला तिथे येतात ती त्यामुळेच. अशा सारख्या तेलावर, म्हणजे स्पोर्ट पॅटर्नवर सराव मिळणारी लीग आपण शोधू. लांब असली तरी मी गाडीने नेईन.

कॉलेज निवडताना मात्र एवढं बघ: उद्या मनगट दुखावलं, खेळ सुटला, तरी तिथेच शिकावंसं वाटेल का? तुला बायोलॉजी करायचं आहे. ज्या कॉलेजात त्याची लॅब बेताची आहे, तिथे टीम कितीही चांगली असली तरी मी आग्रह धरणार नाही. पैशांची काळजी करून खेळू नकोस आणि पैशांची काळजी करून सोडूही नकोस, ती काळजी बाबांची आणि माझी.

लीग चालू ठेवायची ठरवलीस, तर दहा-बारा कॉलेजांची यादी कर आणि कोचना तू स्वतः ईमेल लिही. मार्क, अ‍ॅव्हरेज, कुठल्या पॅटर्नवरचं ते, आणि मागून व बाजूने घेतलेला छोटा व्हिडिओ, एवढं पुरे. व्हिडिओ मी काढून देते. त्यात दहा नंबरची पिन पाडतानाचे दोन-तीन शॉट नक्की असू देत. गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, जमेल का ते सांग.

तुझी,
आई