हॅकेथॉनचा पैसा ओपन सोर्सच्या दुरुस्तीला लावा

महोदय,

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटी कंपन्या आणि ठाणे, नेरूळ, खारघर भागातली अभियांत्रिकी महाविद्यालये हॅकेथॉनवर, म्हणजे ठरलेल्या वेळेत सॉफ्टवेअर बनवण्याच्या स्पर्धांवर, बरीच रक्कम खर्च करतात. रात्रभर जागून केलेली बहुतेक अ‍ॅप्स बक्षीस समारंभानंतर कोणी उघडतही नाही. यातली निम्मी रक्कम तरी, या कंपन्यांचा रोजचा धंदा ज्यावर चालतो त्या ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी दुरुस्त करणाऱ्यांना मिळावी, अशी आमची सूचना आहे. मात्र 'इश्यू सोडवा, दहा हजार घ्या' अशी नुसती जाहिरात केली (इश्यू म्हणजे प्रकल्पाकडे नोंदवलेली तक्रार) तर फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होईल.

ते कसे, हे मराठीतल्याच एका त्रुटीवरून सांगता येईल. 'दऱ्या' हा शब्द काही कीबोर्डांवर 'ऱ', हलन्त आणि 'या' असा साठवला जातो. काहींवर 'र', हलन्त, झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह आणि 'या' असा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. त्यामुळे ग्रंथालयाच्या सूचीत एका पद्धतीने नोंदलेले पुस्तक दुसऱ्या पद्धतीने शोधले की सापडत नाही. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकातले एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची पद्धत, वापरली तरी ही दोन रूपे एक होत नाहीत. बक्षिसाच्या घाईत सुचणारा उपाय सोपा: जोडचिन्ह गाळा आणि 'ऱ'ला 'र' माना. इश्यूत दिलेला शब्द लगेच सापडतो, पैसेही मिळतात. पण आता 'दऱ्या' शोधणाऱ्याला 'दर्या' म्हणजे समुद्रही सापडू लागतो! खरी दुरुस्ती म्हणजे 'र', हलन्त आणि जोडचिन्ह हा क्रम दिसेल तिथे 'ऱ' आणि हलन्त असा करणे, तोही नोंद साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे. मग जुन्या नोंदींचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) नव्याने बांधायचा. 'दऱ्या'ची दोन्ही रूपे जुळतात आणि 'दर्या' जुळत नाही, हे तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या. यात कोड चार-पाच ओळींचाच. वेळ जातो तो इंडेक्स आणि टेस्टवर.

म्हणून रक्कम जाहीर करण्याआधी त्या प्रकल्पाच्या मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, लेखी संमती घ्यावी. काम कधी पूर्ण झाले म्हणायचे, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे: त्रुटी हमखास दिसेल अशा पायऱ्या, आधी नापास आणि दुरुस्तीनंतर पास होणारी टेस्ट, जुन्या डेटाचे काय करायचे. इश्यू एका वेळी एकाच व्यक्तीकडे, दहा-बारा दिवसांपुरता द्यावा. खुली शर्यत लावली की सहा जण तेच काम करतात, पाच जणांची मेहनत वाया जाते आणि सहाही पुल रिक्वेस्ट (केलेला बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) तपासण्याचे ओझे फुकट राबणाऱ्या मेंटेनरवर पडते.

पैशांची वाटणी हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. वीस हजार ठेवले असतील तर बारा दुरुस्ती करणाऱ्याला, पाच तपासणाऱ्या मेंटेनरला आणि उरलेले तीन हजार मर्जनंतर, म्हणजे दुरुस्ती मूळ कोडमध्ये सामील झाल्यावर, साठ दिवसांनी, नवी तक्रार आली नाही तर दुरुस्ती करणाऱ्यालाच द्यावेत. आकडे थोडेफार बदला, पण तपासणाऱ्याचा हिस्सा शून्य ठेवू नका.

तो शून्य राहिला की काय होते ते दिसलेच आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरातल्या ऑनलाइन मोहिमेत, चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळत होता. प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादे विशेषण घुसडून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टचा असा पूर आला की, संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरतीच स्पर्धा ठेवण्याचा नियम आयोजकांना ऐन ऑक्टोबरात करावा लागला. त्यात आपल्याकडचे विद्यार्थीही कमी नव्हते. इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचे साधन असलेल्या 'कर्ल' या ओपन सोर्स प्रकल्पाने तर सुरक्षा त्रुटी दाखवणाऱ्यांसाठी २०१९ पासून चालवलेली बक्षीस योजना जानेवारी २०२६ अखेर बंद केली. एआयकडून लिहून घेतलेले पोकळ अहवाल चाळण्यातच मोजक्या माणसांचा वेळ जात होता.

सगळ्याच कामांना अशी किंमत लावता येत नाही. हद्द स्पष्ट असलेली, पुन्हा घडवून दाखवता येणारी त्रुटी यासाठी उत्तम. 'सॉफ्टवेअर मंद चालते' किंवा 'रचना बदला' असले इश्यू नकोत. सुरक्षेच्या त्रुटी तर चारचौघांत मांडूच नयेत, मेंटेनरला खासगीत कळवाव्यात. मोठ्या, लांबणाऱ्या कामासाठी थेट अनुदानच बरे. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी सुरू केलेला फ्लॉस फंड वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम अशाच पद्धतीने देतो.

हिशेबाचेही सांगायला हवे. वहीत 'बक्षीस' न लिहिता कामाचा मोबदला म्हणून बिल घ्यावे, पॅन घेऊन नियमाप्रमाणे टीडीएस कापावा. परदेशातून पैसे येणार असतील तर बँक पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक) विचारते. सॉफ्टवेअर सेवेसाठी सहसा पी०८०२ लागतो. रक्कम आल्याची बँकेची सूचना जपून ठेवावी, विवरणपत्र भरताना ती लागते.

नोकरदारांची अडचण वेगळी. नेमणूकपत्रात बहुधा बाहेरचे काम करायला मनाई असते आणि लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क असल्याचे कलमही असते. अनेक प्रकल्प कमिटखाली (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाखाली) 'हा कोड देण्याचा मला अधिकार आहे' या अर्थाची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ मागतात. कंपनीची परवानगी नसताना ती ओळ लिहिणे म्हणजे खोटी सही. तेव्हा ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांनी पैसे देण्याआधी एक पानी परवानगीपत्र तयार करावे: कोणत्या प्रकल्पांवर, कोणत्या वेळेत आणि कोणाच्या लॅपटॉपवर काम चालेल. त्याला एक पैसाही लागत नाही.

– ओपन सोर्समध्ये काम करणारे काही अभियंते, ऐरोली, नवी मुंबई