ब्रॅकेज यांच्या चित्रपटांवर संगीत चढवू नका

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत प्रायोगिक चित्रपटांवरचा लेख वाचला. स्टॅन ब्रॅकेज या अमेरिकन प्रायोगिक चित्रपटकारासाठी आपण एवढी जागा दिलीत याचा मनापासून आनंद झाला. पण शेवटच्या परिच्छेदात लेखकाने सुचवले आहे, की कंटाळा येऊ नये म्हणून हे चित्रपट संगीत जोडलेल्या रूपात पाहावेत. ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

ब्रॅकेज (१९३३–२००३) यांनी पन्नास वर्षांत साडेतीनशेच्या आसपास चित्रपट केले. एखादा जेमतेम नऊ सेकंदांचा, तर एखादा चार तासांहून मोठा. त्यांतल्या बहुतेकांना आवाज नाही. ही साधनांची उणीव नव्हती. लहानपणी ते चर्चच्या गायनवृंदात गात. १९५२ सालच्या 'इंटरिम' या त्यांच्या पहिल्या चित्रपटाला जेम्स टेनी या मित्राने संगीत दिले होते. म्हणजे संगीत त्यांच्या हाताशी होते आणि ते त्यांनी समजून-उमजून दूर ठेवले. कानाला आधार मिळाला की डोळा सुस्तावतो, हे कोणीही घरी करून पाहू शकेल.

'मॉथलाइट' (१९६३) घ्या. चार मिनिटांचाही नाही. दिव्यांपाशी मरून पडलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या आणि गवताची पाती त्यांनी फिल्म जोडायच्या पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांत दाबून बसवली आणि त्या पट्टीवरूनच प्रिंट काढली. कॅमेरा नाहीच. १६ मिमी फिल्मची एक चौकट (फ्रेम) सुमारे १० मिमी रुंद आणि उंचीला त्याहून कमी. गवताचे पाते तिच्यात मावणार कसे? ते अनेक चौकटींवर पसरते. प्रोजेक्टरवर सेकंदाला २४ चौकटी धावू लागल्या, की त्याच पात्याचा, त्याच पंखाचा एकेक तुकडा पडद्यावर येऊन जातो आणि मेलेला पतंग फडफडू लागतो. ही फडफड हाच त्या चित्रपटाचा ताल आहे. त्यावर दुसरा ताल घातला, की पहिला गेलाच.

हे मी अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीच्या खेळात आयोजकांनी 'मॉथलाइट'वर पियानो लावला होता. बाहेर पडल्यावर मला सुरावट आठवत होती, पंख एकही नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी तोच चित्रपट आवाजाविना पाहिला. सुरुवातीला अवघडल्यासारखे झाले, कोणी खाकरले तरी दचकायला होत होते. मग हळूहळू पंखांवरच्या शिरा दिसू लागल्या, पाकळीच्या कडेला तपकिरी झालेला रंग दिसू लागला. खेळ संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

'विंडो वॉटर बेबी मूव्हिंग' (१९५९) मध्ये तर या शांततेला आणखी मोल आहे. ब्रॅकेज यांच्या पहिल्या मुलीच्या जन्माचे हे चित्रण. प्रसूतीच्या कळा ऐकू येत नाहीत. दिसते ते उघडलेले तोंड, ओले पोट, खिडकीतून पाण्यावर पडलेला उजेड. एका क्षणी कॅमेरा पत्नी जेन यांच्या हाती जातो आणि बाप झालेल्या माणसाचा थरारलेला चेहरा समोर येतो. इथे हळवे व्हायोलिन वाजवले, तर कुठे गहिवरायचे हे प्रेक्षकासाठी कोणीतरी आधीच ठरवून टाकल्यासारखे होते. ब्रॅकेज यांनी तो हक्क स्वतःकडेही ठेवला नव्हता.

मोबाइलवर पाहण्याबद्दल लेखात काहीच नाही, तेही खटकले. 'द दान्ते क्वार्टेट' (१९८७) सारख्या चित्रपटांत त्यांनी थेट फिल्मवर हाताने रंग लावले. तिथे रंगवलेली प्रत्येक चौकट निराळी असते. दाबून लहान केलेल्या व्हिडिओ फाइलमध्ये त्या रंगांचा चिखल होतो. आयुष्याच्या अखेरीस, आजारपणात, थुंकीने मऊ केलेल्या काळ्या फिल्मवर नखाने ओरखडे काढून हा माणूस चित्रपट करत होता. तो एकेक ओरखडा स्वच्छ दिसावा, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

पुढच्या रविवारी दुरुस्ती म्हणून एवढी ओळ जरूर छापावी, ही विनंती: हे चित्रपट आवाज पूर्ण बंद ठेवून, अंधारात आणि मिळेल तितक्या मोठ्या पडद्यावर पाहावेत.

आपला,
एक नियमित वाचक