क्रीडा संचालक तासिका तत्त्वावर नको

संपादक महोदय,

महाविद्यालयीन खेळांची दुरवस्था हा विषय आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून येतो. मैदान नाही, साहित्य नाही, हे सगळे खरेच आहे. पण मैदानावर रोज सकाळी जो माणूस उभा असायला हवा, त्याच्या नेमणुकीबद्दल कोणी फारसे बोलत नाही. म्हणून अमेरिकेतील क्रीडा प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅग यांच्याविषयी लिहितो आहे.

१८९२ मध्ये शिकागो विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाची सूत्रे दिली आणि त्याबरोबर अध्यापकाचे कायम पदही दिले. त्या काळी प्रशिक्षक हंगामापुरता बोलवायचा आणि हंगाम संपला की त्याला निरोप द्यायचा, अशीच रीत होती. स्टॅग तिथे १९३२ पर्यंत राहिले. अमेरिकन फुटबॉल हा त्यांचा मुख्य खेळ, पण बेसबॉल आणि ॲथलेटिक्सचे संघही त्यांनी वर्षानुवर्षे घडवले, आणि शिवाय विभागाचा सगळा कारभार पाहिला. शेवटच्या काही वर्षांत त्यांचा फुटबॉल संघ वारंवार हरत होता. तरीही ते गेले ते वयाची सत्तरी गाठल्यावर, निवृत्तीच्या नियमाने. पुढे कॅलिफोर्नियातील एका छोट्या कॉलेजात ते पुन्हा उभे राहिले आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, अमेरिकेतील फुटबॉल प्रशिक्षकांनी त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवले!

कायम पद दिले की सगळे आपोआप स्वच्छ होते, असे मी म्हणत नाही. खेळाडूंना अभ्यासात झुकते माप मिळते, अशी टीका शिकागोवरही झाली. पण एकाच माणसाने दहा-दहा तुकड्या हाताखालून काढल्या, की नवख्या मुलात काय दडले आहे ते त्याला ओळखता येते. दरवर्षी बदलणाऱ्या माणसाला ते कसे जमावे?

ही परंपरा आपल्याला परकी नाही. शिकागोला जाण्यापूर्वी स्टॅग अमेरिकेतल्याच स्प्रिंगफिल्ड शहरात वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. त्याच संस्थेत शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघ नेला.

आपल्याकडे शारीरिक शिक्षण संचालक हे पद नियमाने आहे, पण कित्येक ठिकाणी ते रिक्त असते किंवा तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे मानधन देऊन, चालवले जाते. विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर आल्या, की इतिहासाचे किंवा वाणिज्याचे प्राध्यापक संघ घेऊन निघतात. ते मनापासून जातात, पण धावपटूच्या दुखऱ्या गुडघ्याचे काय करायचे हे त्यांना कसे कळणार?

आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातील प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात हे पद भरलेले आहे की रिक्त, आणि रिक्त असल्यास कधीपासून, याची यादी मिळवून छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, सांगली