आधी गाडी गावात येऊ द्या, मग मोटार विकायला सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्वतःची मोटार विकून मोकळे झालेल्या गृहस्थांचा लेख वाचला. वाचल्याबरोबर लिहायला बसणार होतो, पण रागात लिहू नये म्हणून एक दिवस जाऊ दिला. राग गेला नाही. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल आणि पार्किंग यांची त्यांनी बेरीज केली आहे, त्यातून मेट्रोचा पास आणि मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीचे भाडे वजा केले आहे, आणि उरलेल्या पैशात ते सहकुटुंब केरळला जाऊन आले. आनंद आहे. गणित मी तपासून पाहिले, बरोबर आहे. जन्मभर तेच शिकवले, त्यामुळे तेवढे करता येते. पण मोटार ही आता कोणाचीच गरज उरलेली नाही, असे जे त्यांनी शेवटी साऱ्या महाराष्ट्राच्या वतीने लिहून टाकले आहे, त्याला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावाची हरकत नोंदवून घ्यावी.

माझ्याकडे मोटार आहे. सेकंडहँड घेतलेली, पांढरी, छोटी. ती गोठ्यात उभी असते. बैल विकले तेव्हापासून तिथे जागा रिकामीच होती, त्यामुळे लेखकांना छळणारा पार्किंगचा प्रश्न आम्हाला नाही. आम्हाला उंदरांचा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ते एखादी वायर कुरतडतात आणि मग तालुक्याहून मेकॅनिक बोलवावा लागतो. त्याला आणायलाही गाडी लागते, आणि ती तर बंद पडलेली असते. हे खर्च लेखकांच्या तक्त्यात नाहीत.

मोटार मी हौसेने घेतली नाही. हौस असती तर नोकरीत असताना घेतली असती. तेव्हा गरज नव्हती, कारण गावाला एसटीची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास यायची. ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिराच्या ओसरीवर झोपायचे, कोणाच्या ना कोणाच्या घरून त्यांना भाकरी-झुणका जायचा आणि सकाळी सहाला गाडी निघायची. तिच्यात कॉलेजची पोरे असायची, दुधाचे डबे असायचे, दवाखान्यात जाणारी बाई असायची, कोर्टाची तारीख असलेले दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसलेले असायचे. यवतमाळचे काम करून माणूस दिवस मावळायच्या आत घरी यायचा. मग नाल्यावरच्या पुलाचे काम निघाले. काम चालू असेपर्यंत गाडी फाट्यापर्यंतच येईल, असे सांगण्यात आले. रास्त होते. आम्ही फाट्यापर्यंत चाललो. पूल झाला. पुलावर पाटी लागली, नारळ फुटला, ट्रॅक्टर जाऊ लागले, रेतीचे टिप्पर जाऊ लागले. गाडी तेवढी आली नाही.

आगारात जाऊन विचारले. (कोणते आगार ते लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझे भांडण नाही. त्यांनाही गाड्या कमी आणि ड्रायव्हर कमी.) उत्तर मिळाले की तुमच्या गावाला भारमान नाही. शंभर आसनांमागे किती भरली, त्याचा हा हिशेब. आता पाहा, पुलाचे काम चालू होते तेव्हा ज्याला शक्य होते त्याने फायनान्सवर फटफटी उचलली. ज्याला शक्य नव्हते तो काळीपिवळीच्या, म्हणजे भाड्याच्या जीपच्या, टपाजवळ लटकू लागला. माझ्यासारख्या पेन्शनवाल्याने मोटार घेतली. म्हणजे गाडी बंद झाल्यामुळे माणसे दुसरीकडे गेली, आणि माणसे दुसरीकडे गेली म्हणून गाडी सुरू होत नाही. सातवीच्या वर्गात एखाद्या पोराने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला उभे केले असते. आगारात मात्र ते शिक्का मारून मिळते.

तेव्हा मोटार असावी की नसावी हा प्रश्न पुण्यात ज्याचा त्याने सोडवायचा असेल. आमच्याकडे तो वेळापत्रकाने सोडवला, आम्हाला न विचारता.

आता माझे खरे दुखणे सांगतो. लेखकांना वाटते, मोटार घेतली की माणूस एकटा होतो, काच वर करून बसतो, शेजाऱ्यांना विसरतो. असे होत असते तर फार बरे झाले असते! माझ्या गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत, पण गाडी गावाची आहे. बाजाराच्या दिवशी मी चहा घेईपर्यंत ओट्यावर चार जण येऊन बसलेले असतात. कोणाला बँकेत केवायसी करायची असते, कोणाला सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायची असते, कोणाच्या नातवाला टोचायला न्यायचे असते. नाही म्हणता येत नाही, निम्मे माझे विद्यार्थी आहेत आणि उरलेले त्यांचे आईबाप. पेट्रोलचे पैसे मागावेत तर खासगी नंबराच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, आणि उद्या काही झाले तर विमा कंपनी तेवढेच धरून बसेल. म्हणून मी फुकट नेतो. लोकही समजूतदार, कोणी कोथिंबिरीची जुडी ठेवून जातो, कोणी तुरीच्या शेंगा. पेट्रोलपंपवाला कोथिंबीर घेत नाही.

यातले एक आजोबा तर माझा अंत पाहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे. परवा यवतमाळला डोळे दाखवायला न्यायचे होते. पुढच्या सीटवर बसले आणि खिशातून आधार कार्ड काढून माझ्यासमोर धरले. म्हटले, हे कशाला?

"मले तिकीट लागत नाही ना गुरुजी. पंच्याहत्तर होऊन गेले. सरकारनं देल्लं."

"आजोबा, थे त एसटीत."

"आता एसटी येतच नाही त म्या का करू? सवलत त माही हाय ना."

मागे बसलेल्या बायका हसल्या. मीही हसलो, पण तिथून यवतमाळपर्यंत माझ्या डोक्यातून ते वाक्य गेले नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. पासष्टच्या पुढच्यांनाही अर्धे आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेचा पास मोफत मिळतो, कॉलेजच्या पोरांना एक तृतीयांश पैशात. योजना एकाहून एक चांगल्या आहेत, मी त्यांची चेष्टा करत नाही. पण या साऱ्या सवलती गाडीच्या पायरीवर चढल्यावर सुरू होतात. जिथे पायरीच येत नाही तिथे म्हाताऱ्याला पूर्ण पैसे पडतात, बाईला पूर्ण पडतात, आणि काळीपिवळीवाला दहावीच्या पोरीकडूनही पूर्णच घेतो. त्याचे तरी काय चुकले? त्याला कोणी भरपाई देत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले तेव्हा शहरात आंदोलने झाली, तुमच्या अंकात पहिल्या पानावर फोटो होते. आमच्या गावात त्या दिवशी कोणाला काही फरक पडला नाही. जी गाडी येतच नाही तिचे भाडे वाढले काय आणि घटले काय!

पोरींचे म्हणाल तर शेजारच्या गावाला मानव विकास योजनेची, मुलींना शाळेत नेणारी निळी गाडी येते. तिथल्या मुली बारावीपर्यंत पोचतात. आमच्या गावातल्या मुली दहावीनंतर गळतात. बाप म्हणतो, फाट्यापर्यंत अंधारात कोण सोडणार? ज्याच्याकडे फटफटी आहे त्याची पोरगी शिकते. मोटार ही गरज की सवय, याचे उत्तर लेखकांनी या बापांकडून घ्यावे.

आम्ही काही जन्मापासून मोटारीला चिकटलेली माणसे नाही. याच भागात मूर्तिजापूर ते यवतमाळ शकुंतला नावाची रेल्वे धावत होती. शंभर वर्षांहून जुनी, अरुंद रुळांची, एकशे तेरा किलोमीटरची. इंग्रज कंपनीने ती कापसासाठी घातली, आम्ही ती माणसांसाठी वापरली. मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९२१ चे. ते १९९४ पर्यंत ओढत होते. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनला गाडीत चढायचे आणि यवतमाळला उतरायचे. हळू होती, खरे आहे, पण गरीब माणूस तिच्यात बसू शकत होता आणि टोपलीही ठेवू शकत होता. तीही गेली. आता वर्धा-नांदेड मोठ्या मार्गाचे काम चालू आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी आली. यवतमाळला येईल तेव्हा येईल, माझ्या नातवाच्या पेन्शनच्या आधी यावी एवढीच इच्छा.

मधल्या काळात आम्हाला समृद्धी महामार्ग मिळाला. नागपूर-मुंबई सातशे एक किलोमीटर, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. कारंज्याजवळून जातो. त्याच्यावर फटफटी चालत नाही, ऑटो चालत नाही, बैलगाडीचा तर विषयच नाही. म्हणजे मोटार असेल तर समृद्धी. सरकारच जर सांगत असेल की चार चाके घेऊन या, तर लेखकांनी आमच्यावर का रागवावे?

दरवर्षी १ जूनला एसटीचा वर्धापनदिन होतो. १९४८ साली पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली म्हणतात. (तेव्हा आमचा वऱ्हाड मध्य प्रांतात होता, त्यामुळे त्या गाडीशी आमचा संबंध नाही, पण आनंद आम्हीही मानतो.) रस्ता तिथे एसटी, हे वाक्य पुढे कितीतरी बसस्थानकांच्या भिंतींवर रंगवलेले आम्ही वाचत आलो. आमच्या गावाला आता रस्ताही आहे, पूलही आहे. वाक्याचा पहिला भाग आम्ही पुरा केला आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी मुक्कामी गाडी परत द्या आणि वर्षभर भारमान विचारू नका. सुरुवातीला चार महिने रिकामी जाईल. माणसांना भरवसा बसायला वेळ लागतो. उद्या येईल की नाही हे माहीत नसलेल्या गाडीसाठी कोणी फटफटी विकत नाही. ती गाडी वर्षभर न चुकता आली, तर माझी मोटार मी लेखकांना निम्म्या किमतीत देतो. उंदरांसकट.

लेखकांना आमच्याकडे यायचे असेल तर जरूर यावे. पाहुणचार होईल. फक्त स्वतःच्या तत्त्वाने, सार्वजनिक वाहतुकीने यावे, आणि येताना परतीचीही विचारपूस करून यावे.

आता तुमच्याबद्दल थोडे. मुक्कामी गाडी होती तेव्हा तुमचा गठ्ठा सकाळच्या फेरीने फाट्यावर पडायचा आणि आठच्या आत माझ्या हातात असायचा. आता एक पोरगा फटफटीवर आणतो, त्याला शेतात काम निघाले की पेपर दुपारी तीनला. अंकाची किंमत मात्र सकाळचीच. शिवाय आमच्याकडे येणाऱ्या आवृत्तीत जिल्ह्याचे पान एक आणि पुण्या-मुंबईच्या मेट्रोचे फोटो तीन, याचाही कधीतरी विचार व्हावा. शकुंतलेवर मी पूर्वी पाठवलेले पत्र तुम्ही छापले, आभारी आहे, पण त्यातली तक्रार कापून लोकप्रतिनिधींचे अभिनंदन तेवढे ठेवले, त्यामुळे गावात मला पक्षात गेल्यासारखे वागवू लागले होते. या वेळी जागेअभावी कापायचेच झाले तर समृद्धीचा परिच्छेद कापावा. भारमानाचा ठेवावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
जि. यवतमाळ