न्यासाची मालकी हा रामबाण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रे उद्योगपतींच्या हातून काढून न्यासांकडे सोपवावीत, असा सूर आपल्या अंकातील माध्यमांच्या मालकीवरील लेखात आहे आणि त्यासाठी युरोपचा दाखला दिला आहे. मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथला अनुभव त्या दाखल्याला छेद देतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

दुसऱ्या महायुद्धात हा देश जर्मनांच्या ताब्यात असताना 'हेट पारोल' (1941) आणि 'ट्राउ' (1943) ही दैनिके भूमिगत पत्रे म्हणून जन्मली. चोरून छापायची, चोरून वाटायची. 'ट्राउ' बंद करा, नाहीतर पकडलेल्या तुमच्या माणसांना गोळ्या घालू, असे जर्मनांनी बजावले. पत्र थांबले नाही आणि ऑगस्ट 1944 मध्ये फ्युख्ट इथल्या नाझी छळछावणीत 'ट्राउ'च्या वीसहून अधिक जणांना ठार करण्यात आले. 'डी टेलेग्राफ' मात्र जर्मन अमलाखाली निघत राहिले. मुक्तीनंतर त्याच्यावर बंदी आली, ती 1949 मध्ये उठली आणि काही दशकांत देशातले सर्वाधिक खपाचे दैनिक तेच झाले! वाचक किती लवकर विसरतात, हा निराळा विषय.

भूमिगत चळवळीतून आलेल्या मंडळींना पत्र कोणा धनिकाच्या खिशात नको होते. त्यांनी मालकी न्यासाकडे ठेवली. 1968 मध्ये 'पारोल' आणि मूळचे कॅथॉलिक 'डी फोल्क्सक्रांट' एका कंपनीत आले, पुढे 'ट्राउ'ही आले. 1995 मध्ये याच कंपनीने एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीकडून 'एनआरसी हांडेल्सब्लाड' आणि 'आल्खेमेन डाखब्लाड' ही दैनिके विकत घेतली आणि कंपनीचे नाव 'पीसीएम' झाले. न्यासांच्या छत्राखाली इतकी मोठी दैनिके! लेखकाच्या मनातले चित्र ते हेच असावे.

मग 2004 उजाडले. पीसीएमचा निम्म्याहून अधिक हिस्सा एपॅक्स या ब्रिटिश गुंतवणूक कंपनीकडे गेला, आणि तो जाऊ देणारे न्यासच होते. या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा अखेर वृत्तपत्रांवरच आला. 2007 मध्ये एपॅक्स नफा पदरात पाडून बाहेर पडली आणि मागे कर्ज उरले. पुढे न्यायालयानेही या प्रकरणात गैरकारभार झाल्याचा निष्कर्ष काढला. ज्यांच्या पूर्वसुरींनी बंदुकीपुढे मान तुकवली नाही, त्यांचे वारस गुंतवणुकीच्या आकड्यांपुढे तुकले. माझ्या मते यात कोणी खलनायक नव्हता. विश्वस्त भले लोक होते, पण धंदा त्यांना कळत नव्हता आणि त्यांना जाब विचारणारेही कोणी नव्हते.

2009 मध्ये पीसीएमचा ताबा अँटवर्पच्या फान थिल्लो कुटुंबाच्या 'पर्सख्रूप'ने घेतला. हीच आजची डीपीजी मीडिया. स्पर्धा नियामकाच्या अटीमुळे 'एनआरसी' विकावे लागले आणि पुढे 2015 मध्ये ते 'मेडियाहाउस'कडे गेले. हा समूहही अँटवर्पचाच. 2017 मध्ये 'डी टेलेग्राफ'ची कंपनीही मेडियाहाउसच्या हाती आली. 'हेट फिनान्सिएले डाखब्लाड' आणि धार्मिक वळणाची दोन-तीन दैनिके सोडली, तर डच सशुल्क दैनिकांचा जवळजवळ सगळा व्यवहार आज या दोन बेल्जियन समूहांच्या हाती आहे. डीपीजीने आता आरटीएलची डच दूरचित्रवाणी कंपनीही घेतली आहे. ही एकाधिकाराची भीती मला खरी वाटते, आणि केवळ मालक कुटुंब आहे की न्यास, एवढ्याने ती सुटत नाही.

तरीही 'फोल्क्सक्रांट' आणि 'ट्राउ' आपापला आवाज टिकवून आहेत. त्यामागे मालकाची दानत किती आणि 'संपादकीय नियमावली' किती, याचा हिशेब मांडणे कठीण. ही नियमावली म्हणजे व्यवस्थापन आणि संपादकीय विभाग यांच्यातला लेखी करार. बातमीत हात घालण्यापासून मालकाला रोखणारे आणि मुख्य संपादकाच्या नेमणुकीत पत्रकारांना स्थान देणारे कागद आहेत ते. असा कागद आपल्याकडे किती दैनिकांत आहे?

लेखकाने पुढच्या लेखात दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात, ही विनंती : त्यांच्या कल्पनेतल्या न्यासाला वृत्तपत्राचा हिस्सा विकता येईल का, आणि संपादकाला काढण्याचा अधिकार कोणाकडे राहील?

आपला,
एक वाचक, अ‍ॅमस्टलव्हीन