तणावमुक्तीचं व्याख्यान पुरे, शाखेचं वेळापत्रक बदला

संपादक महोदय,

मार्चअखेर जवळ आली की बँकांच्या शाखांत तणावमुक्तीची व्याख्यानं सुरू होतात. तासभर प्राणायाम, मग चहा-सामोसा आणि सहाच्या व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) विमा पॉलिसींचं टार्गेट किती झालं याची विचारणा! प्राणायामाला आमचा विरोध नाही. चार आकडे मोजत श्वास घेतला, सहा मोजत सोडला आणि पाच मिनिटं हे केलं, तर धडधड कमी होते. टेबलावरचा ढीग मात्र तेवढाच राहतो.

ताण आधी कामात दिसतो. वर्षानुवर्षं कॅश सांभाळणाऱ्याच्या हातून पाचशेच्या नोटांचा आकडा दोनशेच्या रकान्यात पडतो, एकच व्हाउचर तीनदा तपासलं जातं, केवायसीच्या साध्या प्रश्नावर ग्राहकावर आवाज चढतो. पुढे रविवारी संध्याकाळी ॲसिडिटी, पहाटे तीनला जाग, सोमवारी आजारपणाची रजा. सोमवारच्या या रजा हजेरीपटावर सरळ दिसतात. शाखा व्यवस्थापकाने तिथूनच विचारपूस सुरू करावी, मेमो काढून नव्हे.

सगळं ताणावरही ढकलू नये. थकवा आणि धडधड रक्तक्षयाने किंवा थायरॉइडनेही होते; हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि रक्तदाब तपासून घ्यावा. छातीत दुखून घाम फुटला तर अँटासिड घेऊन काउंटरवर बसू नये, लगेच रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. झोप, भूक आणि कशातलाही रस दोन आठवडे गेलेलाच असेल तर डॉक्टर गाठावा. जीव नकोसा वाटू लागला तर तेवढीही वाट पाहू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कर्मचाऱ्याने आठवडाभर एक वही ठेवावी : वेळ, हातातलं काम, कोणी मध्येच उठवलं. काम जास्त आहे, की सतत तोडलं जातंय, की नक्की काय हवंय हेच कोणी सांगत नाही, हे त्यातून कळतं. तिन्हींवर उपाय वेगळे. मग साहेबांना ‘फार ताण आहे’ सांगू नये, कारण ‘तो सगळ्यांनाच असतो’ हे उत्तर ठरलेलं. ‘आज तीन कामं आहेत, दोन होतील, कोणतं उद्यावर टाकू?’ असं ईमेलवर विचारावं. निर्णय त्यांचा होतो आणि लेखी राहतो.

व्यवस्थापकाच्या हातातही बरंच आहे. कॅश जुळवताना त्या माणसाला कोणीही हाक मारायची नाही. जेवणाची सुट्टी आळीपाळीने, पण पूर्ण. व्हीसी दिवसाखेरीच्या कामावर आदळू नये. रात्री आठनंतर ग्रुपवर मेसेज नको हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो मोडतात बहुधा साहेबच! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2021 च्या अभ्यासात आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका, 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त आढळला होता.

रजेबाबत तर बँकांकडे तयार नमुनाच आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या परिपत्रकानुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यायची असते आणि त्या काळात कार्यालयीन ईमेल वगळता कामाची कोणतीही यंत्रणा त्यांच्यासाठी बंद. हेतू गैरव्यवहार पकडण्याचा. म्हणजे एक माणूस दहा दिवस नसला तरी काम चालवता येतं, हे बँका मान्य करतात. मग काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला, आधी सांगून, सलग पाच दिवस फोन न येणारी रजा का मिळू नये? त्यासाठी प्रत्येक टेबलाचं काम येणारा दुसरा माणूस तयार ठेवावा लागेल. मार्चमध्ये ते जमणार नाही, एप्रिलमध्ये सुरुवात करता येईल.

– बँक कर्मचाऱ्यांसाठी काम करणारे दोन समुपदेशक, नाशिक