वेटर दादा, त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले

दादा, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, हिंगोलीकडचे आहात एवढंच बोलण्यातून कळलं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितोय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवीलच. मागच्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला धोतर-टोपीतले आबा आणि नऊवारीतली माय घेऊन जो आला होता ना, तो मी.

आबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची शेवटची तपासणी होती, अंबाजोगाईकडून पहाटेच निघालो होतो, डॉक्टर म्हणाले डोळा एकदम चांगला झालाय. मग म्हणलं आज संभाजीनगरात आलोच आहोत तर या दोघांना एकदा चांगल्या हॉटेलात जेवू घालायचंच. त्यांनी आजवर एसटी स्टँडवरच्या खानावळीपलीकडं काही बघितलेलं नाही. आत आल्यावर एसी, पांढरं टेबलक्लॉथ, इंग्रजी मेनू, माय पदर सावरून खुर्चीच्या कडेलाच बसली आणि मला हळूच म्हणाली, "चल रे घरी, दशम्या हायेत की पिशवीत."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर नान खलिया आला. आता नान खलिया म्हणजे या शहराची शान, तुघलकानं 1327 ला दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली तेव्हापासूनचा पदार्थ आहे असं लोक सांगतात, हळदीनं पिवळी झालेली नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. पण माझी माय माळकरी, चाळीस वर्षं झाली गळ्यात तुळशीची माळ आहे, तो वास आला आणि तिनं पाण्याचा ग्लास पण खाली ठेवला.

तुम्ही ते लांबून बघितलं आणि स्वतःहून आलात. मी तंदुरी रोटी सांगणार होतो, मेनूत तिच्यापुढं हिरवा ठिपका होता, आणि तो काही खोटा नव्हता, रोटी शाकाहारीच असते. पण तुम्ही मायजवळ वाकून म्हणालात, "मावशी, आमच्याकडं भट्टी एकच आहे, चिकनच्या सळया पण तिच्यातच जातात. तुम्हाला चालणार नाही. मी तव्यावरचे फुलके करून आणतो, तवा घासून घ्यायला लावतो." हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कुणालाच कळलं नसतं दादा. मागं एका लग्नात आम्ही दहादा विचारलं होतं, सगळं प्युअर आहे म्हणून सांगितलं आणि जेवण झाल्यावर खरं कळलं, माय दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती. तुम्हाला तर कुणी विचारलं पण नव्हतं.

मग दाल मखनी आणलीत. मायनं विचारलं काळं काळं काय आहे, तुम्ही म्हणालात अख्खे उडीद आहेत, रात्रभर मंद आचेवर शिजवतात, वरून लोणी आणि साय. "म्हणजे उडदाचं घुटंच की!" असं म्हणून ती जी हसली ना, तिथून पुढं ती नीट मागं टेकून बसली, तीन फुलके खाल्ले, एरवी दीड भाकरीच्या वर जात नाही.

आणि आबा. जेवण झालं आणि त्यांनी सवयीनं तांब्या उचलावा तसा ग्लास उचलला आणि ताटातच हात धुवायला लागले. आमच्याकडं असंच धुतात. शेजारचे लोक बघायला लागले, मी उठायच्या आत तुम्ही कोमट पाण्याचा जग घेऊन आलात आणि आबांच्या हातावर पाणी घातलंत, सावकाश, मनगटापर्यंत, एखाद्या सोयऱ्याच्या हातावर घालावं तसं, आणि नॅपकिन पुढं केलात. बघणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मला त्या क्षणी काही बोलताच आलं नाही.

बिल आबांनीच हातात घेतलं, नव्या डोळ्यानं आडतीच्या पट्टीसारखं एकेक ओळ वाचलं. अडीच-अडीच टक्के दोनदा काहून लावले विचारलं तर एक केंद्राचा जीएसटी एक राज्याचा हे पण तुम्हीच समजावून सांगितलं. सर्व्हिस चार्ज लावलेला नव्हता, तो तसाही ऐच्छिक असतो, मग आबांनी शंभराची नोट काढली तर तुम्ही म्हणालात बाबा, आशीर्वाद द्या.

गाडीत बसल्यावर माय म्हणाली, त्या लेकराला जेवला का म्हणून आपण विचारलंच नाही. तीन वाजत आले होते, तुम्ही नक्कीच उपाशी असणार. हे तिला अजून लागून राहिलंय, रोज एकदा तरी काढते.

म्हणून दादा, पौषात हुरड्याला या. आबांनी यंदा बांधाकडच्या चार ओळीत गूळभेंडी, म्हणजे खास हुरड्याची ज्वारी, पेरलीय, कणसं भाजायच्या आगटीची जागा पण ठरवून ठेवलीय, माय जवसाची चटणी कुटणार आहे. घरच्यांना घेऊन या. त्या दिवशी वाढायला आम्ही असू, तुम्ही नुसतं बसायचं.